समोरचा डोंगर

सौ. मालतीच्या गळ्यात गाठ आहे हे आम्हाला कळलं, तेव्हा दोघांपैकी देवाची आठवण तिला झाली आणि डॉक्टरची मला. आमच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे. ती देवघर पाहते, मी वीजबिल पाहतो. देवाविषयी माझी काही तक्रार नव्हती. त्याच्या भोवतीच्या मंडळींविषयी मात्र बरीच होती. लाउडस्पीकर, फ्लेक्सवरची हसरी तोंडं, देणगीदारांची नावं कोरलेल्या संगमरवरी फरशा आणि खास दर्शनाची वेगळी रांग हे सगळं पाहिलं की मी चपला काढायच्या आधीच परत फिरत असे. त्यामुळे हा अनुभव मी लिहावा की नाही याबद्दल मला स्वतःलाच शंका होती. पण मालती म्हणाली, "लिहा. तुम्हीच लिहा. मी लिहिला तर लोक म्हणतील, हिचं काय, ही तर भाविकच." म्हणून लिहितो आहे.

गाठ थायरॉईडची होती. सुईने तपासणी केली, अहवाल आला, आणि सर्जननी स्पष्ट सांगितलं की लक्षण चांगलं दिसत नाही, गाठ काढून टाकायला हवी आणि फार दिवस घालवू नयेत. आवाजाची नस तिथून अगदी जवळून जाते, हेही त्यांनी सांगितलं. आवाज काही दिवस बसू शकतो, बहुतेकांचा परत येतो. "बहुतेकांचा" हा शब्द त्यांनी सहज उच्चारला आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली. मालतीने मात्र तो शब्द उचलून घरी आणला. हैदराबादेत नारायणगुड्याच्या शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं. मागच्या बाकावरच्या मुलीपर्यंत पोचणारा तिचा आवाज निवृत्तीनंतर विद्यानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मला एकट्याला पुरत होता. रोज संध्याकाळी ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलते आणि ते बोलणं ऐकण्यासाठी खरं म्हणजे फोनची गरज नाही.

ऑपरेशनची पहिली तारीख तिने पुतणीच्या लग्नासाठी पुढे ढकलली. दुसरी पितृपक्षात येत होती. "पितृपक्षात कोणी अंगाला सुरी लावून घेतं का?" असं तिने मला विचारलं, जणू मी ती लावायला निघालो होतो. मग दसरा झाला, दिवाळी झाली. डॉक्टरांकडून फोन आला की मी बाल्कनीत जाऊन बोलायचो. मुलगी बंगळूरहून रोज रात्री विचारायची, "बाबा, आईचं काय ठरलं?" आणि मी तिच्याच जेवणाची चौकशी करायचो. शेवटी एका सकाळी चहाच्या वेळी मालतीने देवघरातून एक पुरचुंडी आणली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"हे पोचवल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही," ती म्हणाली.

ती पुरचुंडी मी इतकी वर्षं पाहत होतो की ती मला दिसेनाशी झाली होती. हळदीत बुडवलेल्या फडक्यात थोडे तांदूळ आणि एक सुपारी. इकडच्या तेलुगू घरांत तिला मुडुपु म्हणतात. देवाला काही बोललं की अशी पुरचुंडी बांधून घरच्या देवांपाशी ठेवायची आणि बोललेलं फेडायला गेलं की ती त्या देवापाशी पोचवायची. आमच्या घरात ही रीत माझ्या आईने शेजाऱ्यांकडून घेतली, जशी तिने चिंचेचं सार आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी घेतली. आमच्या मुलीच्या वेळी मालतीचे दिवस फार अवघड गेले होते. तेव्हा आईने नवस बोलला होता, की सून सुखरूप सुटली तर नवरा-बायको जोडीने, पायी, नरसोबाच्या, म्हणजे नरसिंहाच्या, डोंगरावर येतील. सून सुटली. मुलगी शिकली, नोकरीला लागली. आई दर वर्षी "पुढच्या माघात जाऊ" म्हणत राहिली आणि एका वर्षी पुढचा माघ तिने पाहिला नाही.

मला वाटलं, ही सबब आहे. पण सबब असली तर ती काढून टाकणं सोपं होतं. एक रविवार, एक टॅक्सी, एक लहानसा डोंगर. मी हो म्हणालो.

अडचण एवढीच होती की तो डोंगर नेमका कोणता, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. आई लहानपणी एकदाच तिथे गेली होती, बैलगाडीने. तिचं वर्णन असं, की वरंगलच्या रस्त्याने जायचं, डावीकडे वळायचं, तळं लागतं, तळ्याच्या काठी लहानसा डोंगर, वर एका शिळेवर दुसरी शिळा, टोपी घातल्यासारखी. हैदराबादच्या आसपास जो कोणी फिरला असेल त्याला कळेल की हे वर्णन म्हणजे एखाद्या माणसाला दोन कान आणि एक नाक आहे असं सांगण्यासारखं आहे. इथे जिकडे पाहावं तिकडे काळे-तांबूस खडकांचे डोंगर, शिळेवर शिळा, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी तळं. तेलुगूत सगळ्यांनाच गुट्टा म्हणतात. मी तेलुगू बोलतो बाजारापुरतं, वाचत अजिबात नाही. नकाशावर त्या बाजूला नरसिंहस्वामींचं एक देऊळ दिसलं, तेवढ्या भरवशावर आम्ही निघालो. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक जातात, आणि लोक गेले की कमानी उभ्या राहतात.

कमान तर आधीच उभी होती. मुख्य रस्ता सोडून आम्ही आत वळलो आणि थोड्या वेळाने रस्त्यावर ती आडवी आली. चार मजली उंच, गुलाबी आणि पोपटी रंगाची, दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह, आणि त्यांच्या आयाळीखाली कुठल्याशा पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे फ्लेक्स. पलीकडे डोंगराच्या कडेने डांबरी रस्ता वर गेलेला, वर पत्र्याचे मांडव, आणि कर्ण्यातून एक बाई भक्तिगीत म्हणत होती, तिला कोणी थांबवत नव्हतं.

टॅक्सीवाले खाजाभाई, माझ्याच वयाचे, अदबीचे गृहस्थ. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "साब, येच है. नरसिंहस्वामी."

"नाही, हा नाही," मी म्हणालो. "आमचा लहान आहे. साधा. अशा कमानी वगैरे नाहीत तिथे."

"साब, सब लोगां येच आते."

"म्हणूनच म्हणतो, हा नसणार."

खाजाभाईंनी आरशातून मालतीकडे पाहिलं. मालती म्हणाली, "यांना कमान दिसली की देव दिसत नाही, भैया. चला पुढे." तिच्याही मनात आईचा डोंगर लहान आणि साधाच होता, म्हणून तिने वाद घातला नाही. आम्ही तळ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे मला हवा तसा डोंगर होता. लहानसा, उघडा, सीताफळाच्या झुडपांतून वर गेलेली पायवाट, माथ्यावर शिळेवर शिळा आणि एक फिकट लाल निशाण. पायथ्याच्या लिंबाखाली एक कुटुंब तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढवून स्वयंपाक करत होतं. मला फार बरं वाटलं. आईचा देव असाच असणार, असं मी मालतीला म्हणालोसुद्धा. खाजाभाईंनी गाडी सावलीत लावली आणि म्हणाले, "हल्लू हल्लू जाओ, अम्मा. जल्दी कुछ नईं."

डिसेंबरचं ऊन होतं, कोवळं. सुरुवातीची वाट सोपी होती. मालती पुढे, पुरचुंडी हातात, मी मागे पाण्याची बाटली घेऊन. डोंगर पाहायला इतका ठेंगणा की तरुण माणूस गप्पा मारता मारता वर पोचेल. पण अर्ध्यावर गेल्यावर पायवाट एका सपाट खडकावर आली आणि तिथे नाहीशी झाली. खडकावर वाट उमटत नाही. मी उजवीकडे गेलो. कारण तिकडे चढ कमी दिसत होता. थोडं पुढे गेल्यावर मोठमोठ्या शिळांची गर्दी लागली, मध्ये काटेरी झुडपं, आणि खाली बरीच मोकळी हवा. मालती एका दगडावर बसली. तिला धाप लागली होती आणि हात नकळत गळ्याशी गेला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "नाही व्हायचं आपल्याच्यानं."

मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही. मग खाली तळ्याकडे पाहत ती म्हणाली, "मला ते ऑपरेशन नकोच आहे हो. नवसाचं काय, तो नवस आहेच. पण मला भीती वाटते. जागी झाले आणि तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, तर? मरणाचं एवढं वाटत नाही. तसं जगायचं कसं?"

ती हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलली. उत्तर म्हणून डॉक्टरांचं वाक्य माझ्या ओठावर आलं, ते "बहुतेकांचा परत येतो" वालं, आणि मी ते गिळलं. एवढं वाचलेलं, एवढ्या लोकांशी वाद जिंकलेला मी, काट्यांत अडकलेलं धोतर सोडवणाऱ्या माणसासारखा नुसता उभा होतो. परत उतरावं, असं मी ठरवत होतो. हे डोंगराचंच नव्हे तर पुढच्या सगळ्याचंच ठरणार, हे दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

तो आवाज काही दैवी नव्हता. बाईचा होता, जाडसर, किंचित खरखरीत, आणि भरपूर. आधी तो आमच्या डोक्यावरून खाली लिंबापर्यंत गेला. स्वयंपाक करणाऱ्या कोणाला तरी तो तेलुगूत सांगत होता की चिंच एवढी घालू नको, मागच्या वर्षी कोणाला जेवण गेलं नव्हतं. खालून काहीतरी उत्तर आलं. वरचा आवाज म्हणाला की तुझ्या नवऱ्याला आंबट आवडतं म्हणून सगळ्या गावाने का खायचं. मग तो थांबला आणि आमच्याकडे वळला.

"ओ पंतुलू! अटु कादु! उधर रस्ता नईं है! मरते क्या उधर जाको?"

पंतुलू म्हणजे पंत, तो मीच. मी वर पाहिलं. शिळेच्या कडेवर कमरेवर हात ठेवून एक धिप्पाड बाई उभी होती. डावीकडचं एक वाकडं झाड तिने हाताने दाखवलं.

"इटु, इटु! वो झाड के बाजू से! अम्मा कू आगे रखो, तुम पीछे रहो. तुम कू कुछ दिखता नईं!"

मालती हसली. गाठीचं कळल्यापासून ती अशी हसली नव्हती. "बघा, परक्या माणसालासुद्धा कळतंय," ती म्हणाली आणि उठली. बाईचा आवाज आम्हाला खडकावरून पाऊल पाऊल वर घेत राहिला. हा दगड हलतो, त्याच्यावर नको. आता बसा. आता उठा. पंतुलू, पाणी द्या अम्माला, हातात धरून काय फिरताय. मधूनच खालच्या मंडळींना मिठाविषयी सूचना. त्या झाडाला वळसा घातला तर वाट होती, अगदी सरळ आणि सोपी, आणि ती संपली तिथे माथा होता.

माथ्यावर देऊळ नव्हतं. दोन शिळांच्या खोबणीत हळदी-कुंकवाने माखलेला एक दगड, त्यावर लिंबाचे डहाळे, पुढे दिवा. मला थोडं चमत्कारिक वाटलं; पण मालती तिकडे पाहत नव्हती. ती त्या बाईच्या गळ्याकडे पाहत होती. बाई जवळ आली तसं मलाही दिसलं. गळ्याच्या खालच्या बाजूला, मंगळसूत्राच्या वर, इकडून तिकडे एक बारीक पांढुरकी रेघ.

"हे... ऑपरेशन?" मालतीने विचारलं. तिच्या तोंडून मराठीच आलं, पण बोट रेघेकडे होतं.

"हौ," बाई म्हणाली. "गड्डा था. थायराईड. निकाल दिये."

"आणि आवाज?"

बाईने एकदा मालतीकडे पाहिलं, तिच्या पदराने झाकलेल्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारल्याशिवाय सगळं समजून घेतलं. ती शिळेवर बसली, मालतीला हाताला धरून शेजारी बसवलं. नाव सत्तेम्मा. माहेर खालच्या गावात, राहते उप्पलला, शिवणकामाचं दुकान आहे. ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने नुसतं कुजबुजल्यासारखं यायचं. नवरा पहिल्यांदा फार खूश होता.

"डॉक्टर कू बोला, साब, अच्छा काटे, ऐसाच रैने दो," ती म्हणाली. "फिर आठ दिन में डर गया. रात कू उठको मेरे कू हिलाता, कुछ तो बोल, गाली तो दे." ती स्वतःच हसली. "पूरा वापस नईं आया, अम्मा. पैले गाना गाती थी, अब ऊपर का सूर नईं लगता. झूट कायकू बोलूं. पन चिल्लाने कू बहोत है."

"ते ऐकलं आम्ही," मी म्हणालो.

"तुम्हारे वास्तेच था," ती म्हणाली.

मालती तिला विचारत राहिली. जागी झाल्यावर पहिल्यांदा काय आलं, दुखलं किती, गिळता येत होतं का, गोळ्या किती दिवस. मराठीत विचारायची, उत्तर उर्दूत मिळायचं, मध्येच तेलुगू, आणि दोघींना सगळं समजत होतं. मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथून सगळा मुलूख दिसत होता. खाली तळं, काठाला बगळे, भाताची रिकामी खाचरं, त्यापलीकडे महामार्गावरची चिमुकली वाहनं आणि क्षितिजावर धुरकटलेलं हैदराबाद, बांधकामाच्या क्रेन्ससकट. वारा होता. तळ्याच्या बरोबर पलीकडे कमानीचा तो डोंगर होता. रस्त्यावरून सिमेंटमुळे न दिसलेली त्याची मागची बाजू इथून उघडी दिसत होती. चुना लावलेल्या जुन्या, झिजलेल्या पायऱ्या, आणि माथ्यावर पत्र्याच्या मांडवांतून वर आलेली एक शिळा, तिच्यावर दुसरी. टोपी घातल्यासारखी. आमच्या पायाखालची शिळाही तशीच होती म्हणा, पण तिकडच्या टोपीला कड होती. आई हाताने तशी कड करून दाखवायची.

मी मालतीला हाक मारली. ती येऊन उभी राहिली आणि तिने आईसारखीच हाताने कड करून पाहिली.

"नरसिंहस्वामी तो वो है," सत्तेम्मा मागून म्हणाली. "ये तो पोचम्मा है. तुम लोगां उधर जाना था क्या?" पोचम्मा म्हणजे इकडची गावदेवी.

कमानीने मला फसवलं नव्हतं. देव साधा असला पाहिजे असा माझाच आग्रह होता, त्याने फसवलं होतं. देवळावर कोणी कसला रंग लावला, याची जबाबदारी मी देवावर टाकून मोकळा झालो होतो. मी मालतीला म्हणालो की आपण खाली उतरू, तिकडे गाडी वरपर्यंत जाते, अर्ध्या तासात होऊन जाईल.

"पायी बोललाय नवस," ती म्हणाली. "आणि पाय इथे संपले माझे."

सत्तेम्माने पुरचुंडी पाहिली आणि तिला प्रकार कळला. तिला यात कसलीच अडचण दिसत नव्हती. "पोचम्मा के पास रख दो," ती म्हणाली. "अक्का है उसकी. आमने-सामने बैठे हैं दोनों. दे देगी उसकू."

मी उभी नोकरी आबिड्सच्या पोस्टात केली. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं टपाल शेजारणीने पोचवून दिलं तर ते पोचलं असं धरायचं, याला खात्याच्या नियमांत कुठे आधार नाही. पण गल्लीगल्लीतून टपाल नेहमी असंच पोचतं, हेही मला ठाऊक आहे. मालतीने माझ्याकडे पाहिलं. नवस जोडीचा होता. आम्ही दोघांनी मिळून ती पुरचुंडी त्या दगडापाशी ठेवली, मग समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिलो. कर्ण्यातला आवाज तळ्यावरून इतका विरळ होऊन येत होता की तो ऐकवत होता. हात जोडायचे असं मी ठरवलेलं नव्हतं. ते जोडले गेले होते, हे जरा वेळाने माझ्या लक्षात आलं. अंगावर काटा वगैरे काही आला नाही. प्रकाश दिसला नाही. इतके महिने छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं, एवढंच मला सांगता येईल, आणि त्याहून जास्त सांगितलं तर मी वाढवून सांगतो आहे असं समजावं.

सत्तेम्माने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पोचम्माला कोंबडं लागतं, पण आमच्यासाठी भात आणि चिंचेचं सार वेगळं निघालं. सार खरंच आंबट झालं होतं आणि त्यावरून पुन्हा भांडण झालं. खाजाभाईंना मात्र कोंबडीचं मोठं ताट मिळालं आणि त्यांनी जाताना एकदाही मला "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. त्यांच्या अदबीचा मला तेव्हा थोडा त्रास झाला. गाडी महामार्गाला लागली तेव्हा मालती डोळे मिटून म्हणाली, "उद्या डॉक्टरांना फोन करा. जी पहिली मिळेल ती तारीख. आणि या वेळी बाल्कनीत जाऊ नका, इथेच बोला."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. दार बंद झालं. अशा वेळी मी एरवी चकरा मारतो, कोणाला तरी प्रश्न विचारतो, भिंतीवरच्या पाट्यांतल्या चुका काढतो. त्या दिवशी मी खुर्चीवर बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं आणि त्याचं ओझं वाटत नव्हतं. मालती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती. तिथे आत सर्जन होते, हे मला माहीत होतं. पण तेवढंच मला अभिप्रेत होतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले आणि तिला म्हणाले, अम्मा, काहीतरी बोला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग कागद फाटावा तसा बारीक आवाज आला. "एकोणीस एके एकोणीस." डॉक्टरांना मराठी येत नाही. ते वाकून ऐकत राहिले. "एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न." कुठे कुठे नुसती हवा येत होती, मध्येच एखादा आकडा पूर्ण फुटत होता. ती थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, पुरे, अम्मा, छान आहे. तिने हाताने त्यांना थांबायची खूण केली आणि पाढा शेवटपर्यंत नेला. बंगळूरहून आलेली मुलगी दारात उभी राहून रडत होती. आकडे सगळे बरोबर होते, हे मी ताडून पाहिलं. कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गाठ वाईट होती, पण ती पूर्ण निघाली असं म्हणतात. तपासण्या चालू राहतील, पुढचं पुढे. आवाज हळूहळू येतो आहे. पूर्वीइतका नाही. धाकट्या बहिणीला आता मालतीशी बोलताना फोन कानाला लावावा लागतो. अधूनमधून उप्पलहून एक फोन येतो आणि तो मात्र आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. त्या रविवारी खाजाभाईंचं ऐकून मी कमानीतून आत गेलो असतो तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. कदाचित सगळं असंच झालं असतं. चूक माझी होती, वाट तिसऱ्याच कोणी दाखवली आणि पोचलो आम्ही. यात योगायोग किती आणि कृपा किती, याची फोड करून दाखवा असं कोणी म्हणालं तर मला ती जमणार नाही. ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावं मला माहीत आहेत, एक सोडून.

संध्याकाळी मालती दिवा लावते तेव्हा मी आता वर्तमानपत्र बाजूला ठेवून तिच्या मागे उभा राहतो. हात जोडतो. कोणाला, हे अजून ठरलेलं नाही. पण ते ठरेपर्यंत थांबायचं मी सोडून दिलं आहे.